अमारेट्टो सावर घरी करताना: लिंबू, आगळ आणि बदामाचा वास

खाडीकाठ | शनिवार, रात्री १०:२०

मंडळी, लिहीन लिहीन म्हणत दोन महिने गेले, आज कोकमं वाळत घालून झाली आणि जरा हात मोकळा झाला म्हणून बसलेय. माझा धाकटा भाऊ बोटीवर असतो. गेल्या खेपेला त्याने विमानतळावरून अमारेट्टोची, म्हणजे बदामाच्या वासाच्या गोड इटालियन मद्याची बाटली आणली, ती चौकोनी टोपणाची. तिचं करायचं काय ते घरात कुणाला कळेना. नुसती घेतली तर पहिला घोट मस्त लागतो, नानकटाईचा डबा उघडल्यासारखा वास येतो, पण दुसऱ्या घोटाला जीभ गोडाने जड होते. वर्षभर बाटली कपाटातच.

मग आठवलं की कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर एकदा शहरातल्या एका बारमध्ये मी अमारेट्टो सावर मागवलं होतं. सावर म्हणजे आंबट, पण त्यात आंबट असं काही नव्हतंच, बाटलीतलं तयार पिवळं मिक्स ओतलेलं, पाकात लिंबाच्या गोळ्या विरघळवल्यासारखं. अर्धा ग्लास टाकून उठले आणि हे आपल्या जिभेचं नाही असं धरून चालले. नंतर वाचलं तेव्हा कळलं की अमेरिकेत १९७० च्या दशकात हे पेय जोरात चाललं ते बरंचसं असल्याच मिक्सवर, आणि नाव खराब झालं तेही त्यामुळेच. पुढे अमेरिकेतल्याच पोर्टलंडचा एक बारटेंडर आहे जेफ्री मॉर्गेन्थेलर, त्याने २०१२ साली आपली कृती लिहिली, ताजं लिंबू, अंड्याचं पांढरं आणि सोबत थोडी कडक बर्बन व्हिस्की. मी त्याच मापावरून सुरुवात केली, फक्त लिंबू आपलं.

मला यात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. पन्हं करताना कैरी किती आंबट आहे ते चाखल्याशिवाय आपल्यात कुणी गूळ टाकत नाही ना, इथे ते उलटं आहे. अमारेट्टो म्हणजेच गूळ, तो आधीच पडलाय, आता त्याला पुरून उरेल अशी कैरी शोधायची. गोड वाढवायला जाल तर मातेरं. आंबट ताजं हवं, त्याच तासाला पिळलेलं, बाटलीतलं नको आणि सकाळी काढून ठेवलेलंही नको.

तर एका ग्लासाला अमारेट्टो ४५ मिली, व्हिस्की २० मिली, लिंबाचा रस २५ मिली, साखरेचा पाक एक छोटा चमचा म्हणजे ५ मिली, आणि अंड्याचं पांढरं १५ मिली. मापाचा पेला नसला तर खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते रेघांचं टोपण वापरा, मी तेच वापरते. मूळ कृतीत रस ३० मिली आहे पण ते तिकडचं जाड सालीचं पिवळं लिंबू. आपलं कागदी लिंबू जास्त झणझणीत आणि मागून किंचित कडसर, म्हणून २५ वर थांबते. बऱ्या आकाराची दोन लिंबं लागतात. पोलपाटावर तळहाताने रगडून मग कापा, आणि शेवटचा थेंब काढायच्या नादात साल चुरगळू नका, कडवटपणा तिथूनच उतरतो. पाक मी दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी असा करते, नुसता विरघळेपर्यंत, तार येऊ द्यायची नाही.

आता हलवणं, आणि सगळी गंमत इथेच आहे. माझ्याकडे शेकर नाही, फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी आहे. पहिल्यांदा बर्फ न घालता सगळं बरणीत ओतायचं, झाकण घट्ट लावून वीस-पंचवीस सेकंद जोरात हलवायचं. सुरुवातीला आतून पाण्यासारखा खळखळ आवाज येतो, मग हळूहळू तो आवाज जड होतो, ताक घुसळताना लोणी धरायच्या आधी जसा बदलतो ना तसा. तो बदलला की उघडायचं, बरणीभर बर्फ घालायचा आणि काचेला बाहेरून दव धरेपर्यंत पुन्हा हलवायचं. मग चहाच्या गाळणीतून बर्फ घातलेल्या ग्लासात. वर बोटभर पांढरा फेस बसतो, मिनिटभरात तो इतका घट्ट होतो की लिंबाच्या सालीचा तुकडा बुडत नाही, वरच राहतो. नवऱ्याने पहिला घोट घेतला आणि काही न बोलता ग्लास परत दिलाच नाही.

व्हिस्की कशाला असं तो विचारत होता. अमारेट्टो २८ टक्क्यांचं, बर्फाचं पाणी सुटलं की पातळ आणि नुसतं गोड लागतं. व्हिस्कीने त्याला कणा येतो, लाकडाचा वास येतो आणि गोडी जरा कोरडी होते. पण जपून हं, हिशोब केला तर या एका ग्लासात दीड लहान पेगपेक्षा थोडं जास्तच जातं आणि गोडामुळे ते जाणवत नाही.

आता माझी अडचण. लिंबाचं जमलं, पण उन्हाळ्यात लिंबांचे भाव तुम्हाला माहीत आहेत, आणि घरात आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या बाटल्या भरलेल्या. म्हणून लिंबाच्या जागी कोकमाचा आगळ घालून दोनदा केलं. पहिल्यांदा २५ मिली आगळ घातला तर खारट ढोण. दुसऱ्यांदा कमी घातला तर चव बरी होती पण बरणीत मधेच राखाडी-जांभळं काहीतरी दिसायला लागलं, बघून प्यावंसंच वाटेना. कुणी केलंय का? कोकमाचं व्हायलाच हवं असं मनापासून वाटतंय.

रातांबा | शनिवार, रात्री ११:०५

ताई, छान लिहिलंय. आमचं घरचं कोकमाचं काम आहे, कुडाळजवळ, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. आगळ म्हणजे मुळात टिकवण्यासाठी केलेली वस्तू. पिकल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली आणि मीठ थरावर थर लावून ठेवायचं, रोज ढवळायचं, मिठाने जो रस सुटतो तो आगळ. वर्षभर बुरशी न धरता राहतो तो मिठाच्या जोरावर. तो सोलकढीला चमचा-दीड चमचा घालायचा, २५ मिली म्हणजे चौघांची कढी झाली. मिठाचा एक कण या पेयात चांगला लागतो, कडसरपणा दबतो, पण कणच.

दुसरी चूक बरेच जण करतात ती म्हणजे अमृत कोकम घालणं. ते साखरेत मुरवलेलं असतं, गोडात गोड. ते घालूच नका.

माझं म्हणणं, चांगली यंदाची आमसुलं घ्या, सात-आठ, काळी आणि मऊ, वरून मिठाची पांढरी बुरबुर असेल तर एकदा झटकन धुवून घ्या, आणि अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजत ठेवा. कोमट बरं का, कढत नाही. मग हाताने कुस्करून गाळा. हा रस आंबट असतो, रंग येतो आणि मीठ बेताचं. आणि आता मे महिना आहे, घरात ताजे रातांबे असतील तर त्याहून चांगलं काही नाही, साली वाटून कपड्यातून पिळा, मीठ अजिबात नाही.

मालवणी_झील | रविवार, सकाळी ७:४०

माका एक इचारूचा हा. आमच्या घराफुडे दर्याच्या अंगाक बदामाचा झाड हा, लाल पाना पडतत तेचा. ल्हानपणी दगडान फोडून आतली बी खावचो. ता बदाम चलात काय ह्येका? घरीच दारूत भिजत घातला तर?

खाडीकाठ | रविवार, सकाळी ८:१५

अरे आम्ही पण खायचो की ते, शाळेच्या मागे होतं झाड, बोटं पिवळी व्हायची साल सोलताना. पण तो बदाम वेगळा आणि दुकानातला वेगळा, झाडंच वेगळी आहेत. चवीला चांगला आहे, पण त्याला हा वास नाही. आता खरं सांगायचं तर दुकानातल्या आपल्या नेहमीच्या गोड बदामालाही हा वास नसतो, भिजवून खाऊन बघ, नुसता दुधट लागतो. त्यामुळे बदाम दारूत भिजवून अमारेट्टो होत नाही, मी एकदा मूठभर घालून बघितलंय, महिन्याने गढूळ झालं आणि वास काही नाही.

सांजवारा | रविवार, दुपारी १२:३०

मग वास येतो कुठून? मी कुठेतरी वाचलं की जर्दाळूच्या बियांपासून करतात. आमच्याकडे जर्दाळू आणलं की आजी बिया फोडून आतली गिरी आम्हाला द्यायची. दिवाळीचे जर्दाळू अजून डब्यात आहेत, बिया साठवून व्होडकात टाकायचा विचार करतेय, बाटली विकत घेणं परवडणारं नाही.

शिंपलाकाठी | रविवार, दुपारी १:१०

सांजवाराताई, कृपा करून हे करू नका. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कडू बदाम, जर्दाळूच्या कडू बिया, यांच्यात अमिग्डालिन नावाचा पदार्थ असतो. बी चावली किंवा वाटून ओली केली की तो फुटतो आणि त्यातून दोन गोष्टी सुटतात. एक बेन्झाल्डिहाइड, हाच तो बदामाचा वास, नानकटाईचा, अमारेट्टोचा. आणि दुसरी हायड्रोजन सायनाइड, म्हणजे विष. वास आणि विष एकाच दाण्यातून, एकाच वेळी निघतात. कारखान्यात विष काढून टाकलेला अर्क वापरतात आणि तो तपासला जातो. आपल्या बरणीत किती उतरलं हे आपल्याला कशानेही कळणार नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली सांगितलंय की मोठ्या माणसाने एका वेळी तीन छोट्या कच्च्या बियांच्या वर खाल्ल्या तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि तान्ह्या-रांगत्या मुलाला एक छोटी बीसुद्धा जास्त होऊ शकते.

आजी द्यायच्या त्या गिऱ्या गोड असणार, आपल्याकडच्या सुक्या जर्दाळूत बहुतेक वेळा गोडच निघतात. गोड गिरीत अमिग्डालिन अगदी कमी. पण मधेच एखादी कडू निघते, लहानपणी थू करून टाकलेली आठवत असेल. ते थुंकणं बरोबर होतं. बरणीत मात्र कडू कुठली आणि गोड कुठली ते कळत नाही, आणि वास यावा म्हणून माणूस नेमक्या कडूच शोधायला जातो.

सांजवारा | रविवार, दुपारी १:३५

बाप रे. बरं झालं विचारलं. बिया फेकून दिल्या, डबा पण धुतला. धन्यवाद सर.

बोरूबहाद्दर | रविवार, संध्याकाळी ५:५०

धागा रंगतोय म्हणून थोडी जुनी गोष्ट. अमारेट्टो हे इटलीत लॉम्बार्डीतल्या सारोन्नो गावचं. तिथे एक चर्च आहे, १५२५ च्या सुमाराला लिओनार्दोच्या परंपरेतला चित्रकार बेर्नार्दिनो लुईनी तिथली भित्तिचित्रं रंगवत होता. दंतकथा अशी की त्याला मेरीच्या चित्रासाठी चेहरा हवा होता आणि तो ज्या खाणावळीत उतरला होता तिथल्या विधवा मालकिणीलाच त्याने समोर बसवलं. तिने परतभेट म्हणून ब्रँडीत जर्दाळूच्या गिऱ्या मुरवून त्याला दिल्या. दंतकथाच आहे, पण भित्तिचित्रं खरी आहेत, आजही त्या चर्चमध्ये बघायला मिळतात. अमारो म्हणजे कडू, अमारेट्टो म्हणजे जरासं कडू. आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध जे डिसारोनो, ताईंची चौकोनी टोपणाची बाटली तीच असणार, त्यात बदाम नाहीतच असं कंपनी स्वतः सांगते. लाझारोनी म्हणून दुसरं एक घराणं आहे, ते अमारेट्टी बिस्किटं मुरवून करतात, ते २४ टक्क्यांचं.

त्यामुळे खाडीकाठताईंचं नानकटाई म्हणणं मला फार पटलं. बिस्किटाच्याच कुळातला वास आहे हा.

सांजवारा | रविवार, रात्री ८:००

बिया गेल्या, पण इच्छा आहेच. इसेन्सवर काही होईल का?

केवडा_बन | रविवार, रात्री ९:२५

होतं. अगदी बाटलीसारखं नाही पण सावर करण्यापुरतं नक्की होतं, कारण त्यात लिंबू आणि व्हिस्की येतेच. माझं प्रमाण देते. अर्धी वाटी साखर, त्यातली निम्मी ब्राउन शुगर, नसेल तर एक चमचा साखर कोरडीच पातेल्यात तांबूस करून घ्या, कॅरॅमल करतो तशी. त्यात अर्धी वाटी पाणी, विरघळलं की गॅस बंद. गार होऊ द्या, पूर्ण गार, नाहीतर वास उडून जातो. मग २५० मिली साधी व्होडका, चार-पाच सुक्या जर्दाळूंचा नुसता गर, बी नाही, आणि आठवडाभर अंधारात. गाळून मग बदाम इसेन्स. इसेन्स अर्धा चमचा घालून ढवळा, चाखा, मग पुढचे थेंब. एकदम चमचाभर ओतलं तर पिताना नेलपॉलिश आठवतं आणि ते परत काढता येत नाही. व्हॅनिला पाव चमचा. खाण्याचा इसेन्सच घ्या, लेबल वाचून, अत्तराच्या दुकानातलं तेल नको.

खारवी_लेक | सोमवार, सकाळी १०:१०

खाडीकाठताई, तुमच्या मापाने काल केलं. चव सुंदर, पण फेस आलाच नाही. दोन वेळा हलवलं, हात भरून आले, वर नुसते साबणासारखे चार बुडबुडे. अंडं गावठी, ताजं होतं. काय चुकलं?

खाडीकाठ | सोमवार, सकाळी १०:४०

बरणी कुठली घेतलीत?

खारवी_लेक | सोमवार, सकाळी ११:०५

बरणी नाही, मिक्सरचं भांडं, झाकण घट्ट बसतं म्हणून. धुतलेलं होतं, सकाळीच त्यात वाटप केलं होतं.

खाडीकाठ | सोमवार, सकाळी ११:२०

मग तेच. खोबऱ्याचं वाटप! नारळाचा तेलकटपणा रबराच्या गास्केटमध्ये आणि पात्याखाली बसून राहतो, कितीही धुवा. अंड्याच्या फेसाला तेलाचा थेंब चालत नाही, पिवळ्याचा एक ठिपका पडला तरी बसतो तो. काचेची बरणी घ्या, लिंबाच्या सालीने आतून पुसून घ्या आणि अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडून मग ओता. एका अंड्याचं पांढरं साधारण ३० मिली निघतं, दोन ग्लासांना पुरतं. आणि सगळं ओतल्यावर थांबू नका, लिंबात आणि दारूत पांढरं जास्त वेळ राहिलं तर त्याचे तंतू होतात, दही फाटल्यासारखे.

तुळशीवृंदावन | सोमवार, दुपारी ३:००

आमच्याकडे अंडं चालत नाही. शिवाय कच्चं अंडं म्हणजे पोटाची भीती असते ना? यावर काही?

शिंपलाकाठी | सोमवार, दुपारी ३:४५

भीती खरी आहे, साल्मोनेला हा जंतू कच्च्या अंड्यात असू शकतो. लिंबू आणि एवढीशी दारू घातली म्हणून तो मरेल असं धरून चालू नका, आणि अंडं गावठी आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. ज्यांची प्रकृती नाजूक आहे, वयस्कर आहेत, त्यांनी कच्चं अंडं टाळावंच. बाकीच्यांनी ताजं, न तडकलेलं, फ्रीजमधलं घ्यावं.

बिनअंड्याला उपाय सोपा आहे, छोले उकडलेलं पाणी. रात्री भिजवलेले काबुली चणे, मीठ न घालता, कुकरला लावा, पाणी जेमतेम बुडेल इतकंच. ते पाणी गाळून मंद आचेवर आटवा, बोटांत धरलं की चिकट तार वाटली पाहिजे. गार करून एका ग्लासाला दोन मोठे चमचे. वास येईल असं वाटतं पण लिंबात तो राहत नाही. फेस अंड्यापेक्षा मोकळा येतो पण टिकतो.

ताई, तुमच्या जांभळ्या रंगाचं उत्तर द्यायचं राहिलं. कोकमातला रंग हा अँथोसायनिन कुळातला, आंबटात लालभडक राहतो आणि अल्कली लागली की निळसर-जांभळा होतो. घरी बघायचं असेल तर कोकमाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. अंड्याचं पांढरं ही अल्कली असलेली वस्तू आहे. ताज्या अंड्यात सामू (पीएच, ७ च्या वर म्हणजे अल्कली) ७.६ च्या आसपास असतो, अंडं जुनं होत जातं तसा कवचातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तो ९ च्या वर चढतो. तुम्ही आगळ थोडा आणि थेट पांढऱ्यावर ओतला असणार, लिंबू अजिबात नाही. थोडं लिंबू सोबत ठेवा, आणि पांढरं सगळ्यात शेवटी, आंबटात घाला. रंग वळणार नाही.

मालवणी_झील | सोमवार, संध्याकाळी ६:२०

सर, सोडो घालून बघलंय आताच. निळा झाला खरांच! आवस म्हणता, कोकमाची नासाडी करतंस.

बांद्याकडचा | सोमवार, रात्री ९:००

एक सूचना, सगळ्यांच्या भल्यासाठी. गोव्यात बाटली स्वस्त मिळते म्हणून येताना गाडीत टाकून आणू नका. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात, गाडीसकट जप्त होते. आमच्या ओळखीच्या एकाला दोन बाटल्यांपायी कोर्टात खेपा घालाव्या लागल्यात. आणि आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे घरात घ्यायलासुद्धा परवाना लागतो, वयाची २५ पूर्ण हवीत. परवाना काढणं अवघड नाही, काढून ठेवा. घरी भट्टी लावायचा विचार तर मनातही आणू नका, केवडाताईंचं नुसतं मुरवणं आहे, भट्टीवर दारू गाळणं नाही.

आणि बर्फ. बंदरावरच्या लादीचा बर्फ फोडून आणलेला मी लग्नघरात पाहिलाय. तो मासळीचा बर्फ आहे हो, पिण्याच्या पाण्याचा नाही. खायचा नसलेल्या बर्फाला निळी झाक द्यायचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला तो याचसाठी. घरचं पाणी उकळून गार करून फ्रीजमध्ये लावा, वाटीत मोठे गोळे लावा, लहान तुकडे आपल्या दमट हवेत ग्लासात पडेपर्यंतच निम्मे होतात.

तुळशीवृंदावन | मंगळवार, सकाळी ११:३०

छोल्याचा फेस आला! आमच्याकडे दारूही नको होती म्हणून लिंबू २५ मिली, पाक २५ मिली, बदाम इसेन्सचे दोन थेंब, छोल्याचं पाणी, आणि व्हिस्कीच्या जागी गार केलेला कडक कोरा चहा ३० मिली. चहाचा तुरटपणा फार छान बसला. वर जायफळ किसलं, वाडीतलंच. सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं.

खाडीकाठ | बुधवार, रात्री १०:५०

मंडळी, काल आणि आज मिळून तीनदा केलं आणि जमलं!

रातांबादादांनी सांगितल्याप्रमाणे आमसुलं भिजवली. पहिल्यांदा नुसता आमसुलाचा रस २५ मिली, लिंबू नाही. रंग राहिला पण चव बसकी झाली. कोकमाचा आंबटपणा गोल आहे, जिभेच्या मागे जाऊन बसतो, लिंबासारखा पुढून टोचत नाही, आणि अमारेट्टोच्या गोडाला ते टोचणं लागतं. दुसऱ्यांदा निम्मं-निम्मं केलं तर कोकम कुठे गेलं कळेना. तिसऱ्या वेळी सकाळी झाडाखालचे चार रातांबे उचलले, साली पाट्यावर वाटल्या, फडक्यातून पिळल्या. तो रस २० मिली, लिंबू १० मिली, अमारेट्टो ४५, व्हिस्की २०, पाक अजिबात नाही, आगळाचे तीन थेंब मिठापुरते. बरणी हलवून सगळं एकजीव करून घेतलं आणि मग शेवटी अंड्याचं पांढरं. जांभळं झालं नाही. फेस गुलाबी, जास्वंदीच्या कळीसारखा फिका, आणि त्याखाली दारू माणकासारखी लाल. मी ग्लास कठड्यावर ठेवून नुसती बघत बसले होते थोडा वेळ.

चव अशी की आधी फेसातून रातांबा येतो, मग लिंबू चिमटा काढतं आणि घोट खाली उतरल्यावर मागे बदाम राहतो. या पेयावर सजावटीला बाटलीतली चेरी घालतात, तिच्या जागी करवंदं घातली, काळी पिकलेली, बिया काढून पाकात एक रात्र ठेवलेली. करवंदाचा चीक आधी पाण्यात टाकून काढून घ्या, नाहीतर ओठांना चिकटतो.

रातांबे अजून आठ-दहा दिवस मिळतील, पाऊस आला की संपलं. रातांबादादा, साल वाटून काढलेला बिनमिठाचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर रंग-चव टिकेल का? दिवाळीला भाऊ येतोय, त्याला पाजायचंय.

रातांबा | बुधवार, रात्री ११:२०

टिकेल ताई. आम्ही घरी करतो तसं, गोठले की काढून हवाबंद पिशवीत भरा, पिशवीवर तारीख घाला, आणि सुटल्यावर परत गोठवू नका. मासळीच्या कप्प्यात मात्र ठेवू नका, वास लगेच धरतो. आणि रातांबे कमी पडले तर कळवा, आमच्या झाडांना अजून आहेत, या बाजूला कोणी येत असेल त्याच्याबरोबर टोपली पाठवतो.